पापिणीची काळी शाल

चर्चतर्फे आफ्रिकेत मलावीला निघालेली माझी नात परवा आमच्या अमेरिकेतल्या, पिस्कॅटवेच्या स्वयंपाकघरात नाचतच शिरली. "आजी, चर्चच्या स्किटमध्ये मला लीड रोल मिळालाय!"

मीही अशीच नाचले होते. नगरहून इथे शिकायला आले आणि कॉलेजातल्या ख्रिस्ती मुलांबरोबर धर्मप्रसाराच्या मिशन ट्रिपला मलावीलाच गेले. तिथली भाषा कुणालाच येईना, म्हणून आम्ही मूकनाट्य बसवलं. काळी शाल पांघरून पापीण झाले मी, आणि पांढऱ्या चादरीत मला पापातून सोडवणारा सोनेरी केसांचा एक मुलगा. अख्ख्या टीममध्ये सावळी मी एकटीच, पण ते माझ्या डोक्यात कुठलं शिरायला! मुख्य भूमिका मिळाली म्हणून या बयेनं आईला फोटोसुद्धा पाठवला.

मी जमिनीवर अशी काही लोळले, की गावातली पोरं किंचाळलीच. नंतर आम्ही खाऊच्या गोळ्या वाटायला बसलो, तर सगळी रांग त्या मुलापुढे. एका चिमुरडीला मी गोळी दाखवून बोलावलं, तर ती रडत आईच्या मागे लपली. टीम पोट धरून हसली. मीही हसले. वाटलं, काय अभिनय केला मी!

"काळी शाल आहे का गं त्यात?" मी नातीला विचारलं.

तिचं हसू मावळलं. "हाउ डू यू नो?"

"आणि सोडवणारा गोरा?"

तिनं मान डोलावली.

मी कपाटातली गोळ्यांची पिशवी तिच्या हातात दिली. "नाटकाच्या आधीच वाट गं बाई. नंतर तुझ्या हातून कुणी घ्यायचं नाही."