शेणाचं टोक

जनीकाकीनं खोचलेली काठी जगते, हे पोशीरमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत. जास्वंद, तगर, कण्हेर, काहीही द्या. पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यायची, पानं काढायची, बुडाला तिरका काप द्यायचा आणि वरच्या टोकाला शेणाचा गोळा थापायचा. म्हणजे काठी वरून सुकत नाही. कुणाला फांदी दिली तरी ती शेण थापूनच देते. शेण वर, बाकी मातीत, एवढं कळलं की झालं.

तिचा खरा तोरा मात्र एकाच झाडावर. कळंबच्या एका रिसॉर्टवर ती भाकऱ्या करायला जायची, तिथून पदराआड आणलेली दुहेरी पाकळ्यांची जास्वंद. रंग आमरसाचा, पोटात लाल. गणपतीत सगळी आळी फुलासाठी हिच्या ओट्यावर. एकेकाला एकेक फूल देताना काकीचा चेहरा असा, की गणपतीही तिनंच घरी पाठवलाय.

या झाडाची फांदी तिनं कधी कुणाला दिली नव्हती. दोन वर्षांमागं ती मागितली बायजाकाकीनं. ही जनीकाकीची धाकटी जाऊ, म्हणजे माझी धाकटी काकी; मी राहतो जनीकाकीकडं. दोघींच्या अंगणात कमरेएवढी भिंत. मागितली तीही ओट्यावर चार बायका बसलेल्या असताना, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही.

जनीकाकीनं फांदी तोडली, मागल्या दारी गेली आणि शेण थापून घेऊन आली. शेण बुडाच्या टोकाला थापलं होतं.

"काकी, ते उलटं..." मी कुजबुजलो.

"तू गप रं. कॉलेजात शिकवलंन का तुला ह्ये?"

आता बायजाकाकी शेण वर ठेवणार आणि काठी शीर्षासनात मरणार, असा बेत. पण बायजाकाकी पडली आळशी. कुंडी शोधायचा कंटाळा, म्हणून तिनं फुटक्या परातीत वाळू भरली. उथळ परातीत काठी उभी राहीना, तर ती आडवी घातली, वर वाळू लोटली आणि विसरून गेली. आडव्या काठीला कसलं वर आणि कसलं खाली? महिन्याभरात दोन कोंब आले.

पुढच्या गणपतीला आळी दोन ओट्यांवर वाटली गेली. जनीकाकी रोज सकाळी दात घासत भिंतीशी उभी राहायची आणि थुंकायची पलीकडं बघून.

"औषध घालते ती, शेलूवरनं आणून," ती मला म्हणाली. "नासंल बघ झाड."

नासलं ते हिचंच. यंदा उन्हाळ्यात पानांवर कापसासारखी पांढरी कीड पडली आणि झाड वाळून गेलं. पण जावेकडं मागायला जाईल तर ती जनीकाकी कसली!

शेवटी बायजाकाकीच भिंतीपाशी आली. "घ्या जाऊबाय, तुमच्याच झाडाची हाय. शेणपण लावलंय."

जनीकाकी ती काठी घेऊन तासभर पायरीवर बसली. हल्ली तिला नीट दिसत नाही, काठीवरचे कोंबांचे डोळे वर बघतात की खाली, ते ओळखू येत नाही. मी बघून सांगितलं, "काकी, शेण बरोबर शेंड्याला हाय."

"तू कालच तिच्याकडं घावणं खाऊन आलास. तुजं काय ऐकू?"

"पण ती कशाला उलटं लावंल?"

याचं उत्तर तिला पक्कं माहीत होतं. उठली आणि शेणाचं टोक खाली करून काठी अंगणात खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून आवाज आला, आळीला ऐकू जाईल असा. "अगं बाय! जनीबाय, उलटी लावलीत की ओ! शेण खाली गेलं!"

समोरच्या नळावर तीन हंडे थांबले. ज्या बाईनं सगळ्या गावाला काठी खोचायला शिकवलं, तिला आता दोनच गोष्टी सांगता येत होत्या. एक, मला शेंडा कुठला नि बूड कुठलं ते कळलं नाही. दुसरी, मला वाटलं तू माझ्यासारखीच असशील.

काकीनं पदर खोचला. "म्हाईत हाय मला. मी अशीच लावते ही जात."

झाले पंधरा दिवस. काठी काळी पडलीय. काकी तिला रोज तांब्याभर पाणी घालते, पलीकडून दिसेल अशा बेतानं उभी राहून. आणि काल मागल्या मोरीपाशी मला आमची भाकरीची परात सापडली, वाळूनं भरलेली. बायजाकाकी विचारत होती, तिच्या झाडाची फांदी कुणी मोडून नेली ते. मी म्हटलं, शेळी असंल.