चांगल्या मावशीला एक स्टार

आईला झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि माझ्या आईची जीभ शाबूत राहणं म्हणजे काय, हे आमच्या मजल्यावर कुणालाही विचारा. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. पलंगावर आडवी पडूनसुद्धा डॉक्टरचं वाक्य दुरुस्त करायची.

मी तेव्हा ठाण्याला एका कंपनीत लोकांच्या वेबसाइट सांभाळायचं काम करत होते. आधी रजा काढली, मग घरून काम मागितलं, मग कंपनीने गोड बोलून नारळ दिला. डोंबिवली पूर्वेला आमची दोन खोल्यांची जागा. वडील मी कॉलेजात असतानाच गेलेले, भावंडं नाहीत, माझं लग्न झालेलं नाही. आईचं बघायला मी आणि माझ्याकडे बघायला आई, असा सगळा मामला. कारखान्यांच्या बाजूने वास यायला लागला की खिडकीही लावून घ्यायची. मग तर विचारूच नका.

आईला सांभाळायला मावशी शोधताना माझ्या नाकी नऊ आले होते. औषधाच्या दुकानात विचारा, दूधवाल्याला विचारा, नाहीतर ब्युरोला आगाऊ पैसे भरा. ब्युरोवाले पहिल्या आठवड्यात एक बाई पाठवणार, दुसऱ्या आठवड्यात भलतीच. त्या वैतागातून मला साइट सुचली. डोंबिवली, कल्याण आणि ठाणे एवढ्याच भागात म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना घरी येऊन सांभाळणाऱ्या बायकांची नुसती यादी. कोण कुठे राहते, दिवसपाळी की रात्रपाळी, माणूस उचलता येतं का, इंजेक्शन देते का, स्वयंपाक करते का. आणि खाली ज्यांच्या घरी काम केलं त्यांचं मत, पाचपैकी स्टार देऊन. मध्ये कमिशन खाणारं कुणी नाही.

घराबाहेर पडणं शक्यच नव्हतं, म्हणून सगळं फोनवर. एका मावशीला फोन केला की ती दोघींची नावं सांगायची. साइट बघता बघता चालायला लागली. कल्याणहून, कोपरहून, ठाण्याहून लोकांचे फोन यायला लागले. फक्त पैसे येईनात.

बायकांकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलेलं. मग नेटवरच्या जाहिराती लावून बघितल्या. पॅरालिसिसच्या पेशंटसाठी मावशी शोधणाऱ्या माणसाला माझ्या साइटवर वजन घटवायच्या गोळ्या दिसायच्या. त्या काढल्या. मग फोन नंबर बघायचा असेल तर थोडी फी, अशी सोय केली. इथे मी डोंबिवलीकरांना ओळखलं नाही, आणि जन्म इथे काढलेला. एका सोसायटीतला एक जण फी भरायचा, सगळे नंबर फोनवर उतरवून घ्यायचा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा. वर मलाच फोन करून सांगायचा, "मॅडम, तुमची फार छान जाहिरात केली आम्ही." एकदा मी एका गृहस्थांना चांगलं फैलावर घेतलं, तर ते आईचे जुने सहकारी निघाले. आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. दोन खोल्यांत अबोला धरायलाही जागा लागते हो.

शेवटी आजारी माणसांचे पलंग आणि व्हीलचेअर भाड्याने देणाऱ्या दुकानदारांनी पैसे देऊन जाहिराती टाकल्या आणि जरा जम बसला. किराणा आणि औषधं सुटत. पण माझ्या साइटवरची दिवसभराची मावशी मला स्वतःला परवडेल, एवढं काही त्यातून मिळत नव्हतं. लोकांना मावशी शोधून द्यायची आणि फोन ठेवला की आईची चादर बदलायची. हसूही यायचं आणि डोकंही फिरायचं.

अशात कल्याणच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांची आई वारली होती. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं खडवलीहून एक मावशी यायच्या, त्यांना आता चांगलं घर बघा म्हणाले. "देवमाणूस आहे. माझ्या आईचं शेवटपर्यंत पोटच्या मुलीसारखं केलं."

मी बोलता बोलता त्या मावशींचं पान उघडलं. याच गृहस्थांनी त्यांना एक स्टार दिलेला. वेळेवर येत नाही, पेशंटशी उद्धट बोलते, घरात घेण्याआधी विचार करा.

"काका, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो, मीच. अहो, चांगलं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी जास्त पगार देऊन पळवली असती."

असं म्हणाले, जसं काही साखरेला मुंग्या लागू नयेत म्हणून डबा घट्ट लावला होता. मी कपाळाला हात लावला. मग चार-पाच घरांना फोन करून काढून काढून विचारलं, तर सगळीकडे तीच गत. चांगल्या मावशीला एक स्टार, आणि जी नकोशी झालीय पण तोंडावर सांगता येत नाही तिला पाच. पाच स्टारवाल्या आपल्या या घरून त्या घरी सरकवल्या जात होत्या. मी एवढी अक्कल पाजळून यादी उभी केली, आणि माझ्या गावाने ती शांतपणे उलटी करून ठेवली.

ही मतं काढून टाकावीत असं मनात आलं. पण ब्युरोवाले नको असलेली मतं पैसे देऊन काढून घ्यायला बघायचे, म्हणून कुठलंही मत काढणार नाही असा नियम मीच मोठ्या तोऱ्यात साइटवर लिहून ठेवलेला. एकाचं काढलं असतं तर दहा जण दारात आले असते.

त्याच सुमारास ठाण्याच्या एका पलंगवाल्या कंपनीने विचारलं, तुमची साइट आम्ही घेतो आणि ती चालवायला तुम्हालाच पगारावर ठेवतो. अट एकच, रोज ऑफिसात यायचं. अट कसली, मला तर तेवढंच हवं होतं. सकाळी आंघोळ करून, चांगले कपडे घालून, दार ओढून बाहेर पडायचं आणि संध्याकाळपर्यंत कुणी हाक मारायची नाही. पगारातून मावशी परवडणार होती. मी कल्याणच्या गृहस्थांना फोन करून खडवलीच्या मावशींना आमच्याकडेच बोलावून घेतलं.

मावशी उंच, थोराड, बोलायला कमी. पहिल्या दिवशी आईने त्यांना सुनावलं, "मला धरताना आधी सांगत जा." मावशी म्हणाल्या, "सांगते की आजी. आता उजव्या कुशीवर घेते, मग पाठ पुसते, मग तुम्ही मला काय ओरडायचं ते ओरडा." आई चक्क हसली. महिनाभरात दोघींचं असं जमलं की मी संध्याकाळी घरी आले तरी आई मला म्हणायची, "थांब जरा, आमचं बोलणं चाललंय." मला राग नाही आला. मला इतकं हलकं वाटायचं की जिना चढताना मी चक्क गुणगुणायचे.

मग एक दिवस निघताना मावशी दारात थांबल्या. पायात चप्पल घातली, पुन्हा काढली.

"ताई, एक बोलू का? माझ्या मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलं. कल्याणच्या साहेबांनी माझ्याबद्दल वाईट लिवलंय."

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"मी म्हणायची, मला कुठून दुसरा फोन का येत नाय. त्यांनी पगार वाढवला नाय तरी राहिली मी, जाणार कुठं? आता मुलीचं बाळंतपण आलंय, तिचं सासर टिटवाळ्याला. टिटवाळ्याला काम भेटलं तर दुपारी तिच्याकडं डोकावता येईल. तुम्ही चांगलं लिवा ना. साइट तुमची, तुमचं लोक मानतील."

बघते, म्हणाले मी. त्या गेल्या. मी चांगलं लिहिलं की त्या जाणार हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

लॅपटॉप घेऊन आईच्या पलंगाशी बसले. तिने पडल्या पडल्या सगळं ऐकलेलं.

"काय लिहितेस?"

"मावशींबद्दल. चांगलं."

"वेडी आहेस का? लिही, कामाला बरी आहे, पण फटकळ. उलट उत्तरं देते."

"आई, खोटं आहे ते."

"असू दे. असं लिहिलं की माणूस टिकतं. तुझी स्थळं यायची तेव्हा मी हेच करायचे."

मी वर बघितलं. ती छताकडे बघत होती, चेहऱ्यावर काही नाही. पावशेर गवार आणली असं सांगावं, तसं सांगत होती.

"काय करायचीस?"

"तू आत चहा करायला गेलीस की सांगायचे. हट्टी आहे, कुणाचं ऐकत नाही, सासूशी पटवून घेणार नाही. लोक चहा पिऊन जायचे."

स्थळं आली आणि गेली, ती वर्षं मी आरशासमोर काढली होती. नाक पसरट म्हणून, रंग सावळा म्हणून, दात पुढे म्हणून. फोटोत तोंड मिटून हसायला शिकले ती तेव्हाच. प्रत्येक नकार आला की आई माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, जाऊ दे, त्यांचंच नशीब फुटकं.

मी लॅपटॉप बाजूला ठेवला. "का पण?" मी विचारलं.

"तुझे बाबा गेलेले. मी एकटी." तिने मान माझ्याकडे वळवली. "आणि चांगलं माणूस हातचं कोण सोडतं गं?"

उठले आणि स्वयंपाकघरात गेले. दुसरीकडे जायला होतं कुठे. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून काय झालं असतं? तिला कुशीवर मलाच वळवायचं होतं. हात धुतले, परत आले आणि तिच्यासमोर बसून लिहिलं. मावशी वेळेवर येतात. आजारी माणसाला उचलताना त्याला लाज वाटू देत नाहीत. माझी आई त्यांच्याबरोबर हसते. पाच स्टार दिले, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि नियम गेला खड्ड्यात म्हणून कल्याणवाल्यांचं मत काढून टाकलं.

आठवड्याच्या आत मावशींना टिटवाळ्याचं काम मिळालं. मी माझ्याच साइटवरच्या एक स्टारवाल्यांना फोन करत सुटले, पण त्यातली एकही मोकळी नव्हती. असणार कशी? पाच स्टारवाल्या दोघी येऊन गेल्या. एकीने आईला पाडलं असतं, दुसरी दुपारी फोनवरच असायची. कंपनीने थोडे दिवस वाट बघितली आणि माझ्या जागी दुसरी मुलगी बसवली. साइट आता त्यांची आहे. चांगली चालते म्हणतात.

मावशी शेवटच्या दिवशी आईच्या पाया पडून गेल्या, तेव्हा आई रडली. मी तिचे डोळे पुसले, उशी सरळ केली. तिने उजव्या हाताने माझं मनगट धरलं.

"तू तरी राहशील ना?"

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.