बाबांना न नेता केलेला प्रवास

चीनमध्ये एकट्यादुकट्या परदेशी प्रवाशालाही फिरू द्यायला लागले, ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा चिपळूणजवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. तिथल्याच एका मित्रानं आणि मी पाठीवर सॅक टाकून तीन आठवडे तिकडे स्वस्तात भटकायचं ठरवलं. तो देश झपाट्यानं बदलतोय, आत्ताच बघून घेऊ, असं आम्हाला वाटायचं.

चिपळूणच्या घरी आम्ही नकाशा पसरला की बाबा हटकून येऊन बसत. ते पूर्वी जहाजावर खलाशी होते. शांघायच्या धक्क्याला त्यांची बोट दोनदा लागली होती, पण खलाशांना खाली उतरू दिलं नव्हतं. कपडे गुंडाळून कसे भरावेत, अनोळखी बंदरात स्वस्त जेवण कसं शोधावं, हे तेच आम्हाला सांगत.

एका रविवारी मित्र गेल्यावर ते म्हणाले, "मी पण येऊ काय रे? माझा खर्च मी करीन."

"डॉक्टर नको म्हणाले," मी पटकन बोलून गेलो. "तुमचं बीपी आहे ना."

डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला सांभाळत फिरणं माझ्या जिवावर आलं होतं, एवढंच.

"बरोबर आहे त्यांचं," म्हणत बाबा नकाशाची घडी घालू लागले.

निघायच्या दिवशी ते एसटी स्टँडवर आले. सॅक उचलून पाहिली, "जड झालीय" म्हणून दोन शर्ट काढून काखेत धरले. गाडी हलली तसं मला हायसं वाटलं, आणि त्याचीच आजही लाज वाटते.