खांदमळणीचं आवतन

आमचं कॉलेज आधी कापसाचं गोदाम होतं. भिंतींना रंग नवा दिला, जिना मात्र हमालांचाच ठेवला, अरुंद आणि उभाच्या उभा. बी.ए.चे सगळे वर्ग वर. खाली कचेरी, प्रिन्सिपॉलसाहेबांची खोली आणि साहेबांची सायकल ठेवायला एक ऐसपैस दालन. त्या सायकलीला जिना चढावा लागत नव्हता, मला लागत होता. माझे दोन्ही पाय लहानपणीच्या तापात वाळून गेले होते. सपाटीला कुबड्यांवर चालायचो, पण पायरी आली की संपलंच.

वर्ग त्या दालनात घ्या म्हणून साहेबांना विनवलं. ते म्हणाले, "एकासाठी सगळ्यांनी खाली उतरायचं? विद्यापीठाला हजेरी लागते. वर येत चला, नाहीतर नाव कमी होईल." इंग्रज नुकताच गेला होता, साहेबी मात्र वऱ्हाडातच विसरून गेला होता.

मग माझा थोरला भाऊ मला खांद्यावर बसवून जिना चढू लागला. पिंपळगाव राजाच्या पलीकडच्या आमच्या खेड्यातून पहाटे गाडी जुंपायची, मला वर पोचवायचं आणि तास संपेपर्यंत गाडीपाशी थांबायचं. शेताकडे बघायला त्याला सवड उरली नाही. उजवा खांदा सुजून टणक झाला. मी बी.ए. व्हावं याचं वेड माझ्यापेक्षा त्यालाच जास्त होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. जू ओढून सोलवटलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणत त्यांना पुरणपोळीचं आमंत्रण द्यायचं. त्या दिवशी आम्ही अर्धा जिना चढलो, तर वर एका बड्या जमीनदाराचा पोरगा वाटी घेऊन उभा. त्याने खाली उतरून हळद-तूप भावाच्या खांद्याला फासलं आणि वर उभ्या आपल्या टोळक्याकडे बघत ओरडला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

सगळे खिदळले. भावाने मला अलगद पायरीवर ठेवलं. "बस बे इथं," म्हणाला. मग त्या पोराची मानगूट धरून त्याचं तोंड कठड्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. दात तुटल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला आणि, खोटं कशाला सांगू, फार गोड लागला. टोळकं धावून आलं. मीही बसल्या जागेवरून कुबडीने दिसेल ती नडगी फोडत सुटलो. तेवढ्यात कुणीतरी दाराची आगळ काढून आणली. ती भावाच्या उजव्या खांद्यावर बसली आणि वाळकं लाकूड मोडावं तसं हाड मोडलं. तो गडगडत खाली गेला. खाली पडल्यावरही ते त्याला लाथांनी तुडवत होते. मी स्वतःला पायऱ्यांवरून लोटून दिलं आणि त्याच्या अंगावर जाऊन आदळलो, तेव्हा कुठे ते थांबले.

साहेब खोलीतून बाहेर आले. फरशीवरचं रक्त चुकवत उभे राहिले आणि मला म्हणाले, "यामुळे वर्ग खाली येतील असं समजू नका."

संध्याकाळी हाडवैद्याने खांदा बांधला. गाडीवरून पडलो, असं भावाने मायला सांगितलं. मायने गोठ्यात बैलांचे खांदे मळले आणि वाटीत उरलेलं हळद-तूप घेऊन ती त्याच्यापाशी येऊन बसली. बांधलेल्या पट्टीच्या कडेकडेने हलक्या हाताने चोळू लागली. वाटलं, आता हा वाटी भिरकावून देतो.

"दादा, पुरे झालं," मी म्हणालो. "मी नाही जात आता कॉलेजात."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मायला वाटलं, खांदा दुखतोय. त्याला हसवायला ती म्हणाली, "तुले बी आवतन देऊ काय रे?"

मी डोळे मिटून घेतले.

"दे ना," तो म्हणाला. "अन् माय, हा डावा खांदा बी मळ चांगला. पोळा झाला का याच्यावरच न्या लागते याले."