वन्संचं कासव आणि साठचा दिवा

माझी नणंद भुजहून कायमची माहेरी आली ती एक ट्रंक आणि एक कासव घेऊन. नवरा अचानक गेलेला, पदरी मूल नाही. कासव त्याने पाळलेलं. ओंजळीत मावेल एवढं, पाठीवर पिवळ्या चांदण्या. वन्सं ना रडत, ना बोलत. माजघरात भिंतीला टेकून बसायच्या आणि काहीही विचारलं की म्हणायच्या, "मला आता कशाला काय हवंय, वहिनी?"

त्या ऐंशीच्या दशकात आमच्या रत्नागिरीत कासव म्हटलं की त्याची जागा विहिरीत. पाणी स्वच्छ राहतं, घराला चांगलं असतं, असं सगळेच मानायचे. माझ्या सासऱ्यांनीही लेकीवरच्या मायेनेच ते टोपलीत घालून विहिरीत सोडलं.

वन्सं धावत सुटल्या. "अहो आप्पा, ते जमिनीवरचं आहे! बुडेल ना!"

आल्यापासून त्यांचा आवाज असा पहिल्यांदाच ऐकला. टोपली पुन्हा खाली सोडून कासव कसंबसं वर काढलं, तेव्हा त्याच्या नाकातून पाणी येत होतं. जगलं, पण मान आत ओढून घेतली ती घेतलीच. खाईना. वन्सं म्हणाल्या, "ते फक्त यांच्याच हातून खायचं." ते गेलं असतं तर वन्संचं काय झालं असतं, याचा विचारही मला करवत नव्हता.

बाहेर आषाढ. ते भुजच्या कोरड्या उन्हातलं, आणि आमच्याकडे मिठाला पाणी सुटलेलं, पापडांना बुरशी. ऊब द्यायची म्हणजे आम्हाला एकच ठाऊक, आंब्याची अढी! पेटीत पेंढा घातला, वर साठ वॅटचा दिवा टांगला. वीज गेली की पेटी उचलून चुलीशेजारी.

शेजारीण डोकावून म्हणाली, "काय गो, पिकत घातलंस की काय त्याला?"

"पिकलं की फोड पाठवीन तुला," मी म्हटलं. मेली, थट्टेला हीच वेळ सापडली!

पाण्याचा मात्र आम्ही धसकाच घेतला होता. वन्सं पाण्याची वाटीसुद्धा पेटीत ठेवू देत नव्हत्या. अंगात होतं तेवढं पाणीही त्या दिव्याने ओढून घेतलं असणार. एका सकाळी मी पाहिलं, तर त्याचे डोळे खोल गेलेले. माझ्या धाकट्याला जुलाब झाले तेव्हा त्याचे असेच गेले होते. मी भडकलेच.

"अहो वन्सं, हे भिजून नाही, सुकून मरतंय!"

"पुन्हा पाण्यात नको, वहिनी."

"पुन्हा काय पुन्हा? विहीर आणि परात एकच का?"

न्हाणीतलं कोमट पाणी परातीत ओतलं, बाळाच्या पाण्यासारखं कोपर बुडवून पाहिलं आणि कासव त्यात ठेवलं, पाणी त्याच्या हनुवटीपर्यंतच. नेमकं ऊन पडलं होतं, म्हणून परात घरापुढच्या खळ्यात नेली. वन्सं तिच्याशेजारी चिऱ्यावर बसल्या. मामंजी दारातच उभे. विहिरीच्या त्या प्रकारानंतर ते कासवाकडे फिरकलेच नव्हते.

बराच वेळ काही नाही. मग मान हळूच बाहेर आली, तोंड पाण्यात बुडालं आणि गळा हलायला लागला.

"पितंय! वहिनी, पितंय बघा!"

मामंजी लगबगीने गेले आणि जास्वंदीचं फूल तोडून घेऊन आले. स्वतः नाही दिलं. लेकीच्या हातात ठेवलं. तिने पाकळी पुढे धरली. कासवाने आधी हुंगली, मग तोडली. वन्सं आपल्या बोटांकडे पाहत राहिल्या.

"आप्पा, हे जगतं किती?"

"माणसाहून जास्त, असं म्हणतात."

"अगंबाई! मग माझ्यामागे याचं करणार कोण?"

मामंजींनी तोंड फिरवलं. मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. उद्याचं नावही न काढणारी आमची पोर स्वतःच्या म्हातारपणापलीकडची काळजी करत बसली होती.