आधी आबांना सांगा

मला स्टुलावर बसवलं होतं. डोकं मागं. नाकपुडीत लोखंडी चिमटा घालून ती फाकवलेली. समोर कपाळाला गोल आरसा बांधलेला मोठा डॉक्टर. त्याच्यामागं पांढऱ्या कोटातली शिकणारी पोरंपोरी. एकेकानं पुढं यायचं, वाकायचं, माझ्या नाकात बघायचं, मागं सरायचं.

एका पोरीनं रुमाल काढला. डॉक्टर म्हणाला, "रुमाल लावायचा नाही. डॉक्टर व्हायचंय ना?"

सगळे हसले. मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "पू साठून साठून हिचं नाक मेलंय. हिला स्वतःला वास येत नाही. घरच्यांनाही येत नसणार. ढोर आहेत ते."

पुन्हा हसले. या वेळी जरा जास्त.

चिमटा नाकात होता म्हणून मान खाली घालता येत नव्हती. लाज वाटली की माणूस मान खाली घालतं. मला तेवढंही करता आलं नाही. डोळ्यांतनं पाणी आलं तर डॉक्टर म्हणाला, "बघा, याच्याने डोळ्याला पाणी येतं."

दारात आबा उभे होते. माझे वडील. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी हळूच कामानं लालकाळे झालेले दोन्ही हात पाठीमागं घेतले.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. गाव विट्याकडचं. आम्ही जातीनं ढोर, कातडी कमावणारी माणसं. दुष्काळात जनावरं पटापटा मेली आणि आमच्या वस्तीत कातड्यांचा ढीग लागला. गाव उपाशी आणि कातडी भिजवायच्या आमच्या चुन्याच्या कुंड्या भरलेल्या. कातडं कमवायला आबा दिवसभर बाभळीची साल कुटायचे. लाल धुरळा उडायचा. भाकरीवर बसायचा, भुवयांवर बसायचा, नाकात जायचा. आबा शिंकरायचे आणि पुन्हा कुटायला लागायचे. लहानपणापासनं मी त्यांच्याजवळ बसून अभ्यास करायची.

माझं नाक कधी वाहायला लागलं ते आठवत नाही. आधी सर्दी. मग घट्ट पिवळं. मग गाल ठणकायचा, डोकं जड. आणि मग वास. तो मला येत नव्हता. हे कसं सांगू? आपल्या अंगातनं काहीतरी घाण बाहेर पडतंय, सगळ्यांना कळतंय, आपल्याला सोडून. मी लोकांच्या तोंडाकडं बघून वास ओळखायची. कुणी ओठ मिटले, कुणी खिडकीकडं सरकलं, की समजायचं.

आईला विचारायची, "आये, येतो का गं?"

"न्हाई गं. कुठं काय," आई म्हणायची. आणि माझ्या शेजारीच झोपायची. माझ्याकडं तोंड करून.

अकरावी झाले. साताऱ्याला मास्तरणीच्या कोर्सला नंबर लागला. वसतिगृहात राहायला गेले. तिथं वासाला नाव मिळालं. पोरी म्हणायच्या, कातड्याचा वास. मी साबण लावून लावून अंग सोलवटून काढलं. कपडे सोड्यात उकळले. तरी पोरी नाक दाबायच्याच. मग मलाही पटायला लागलं की हा वास धुऊन जाणारा नाही. रक्तातलाच असणार. जातीतलाच असणार. एवढं शिकलेली पोर मी, आणि मला हे खरं वाटलं होतं.

रेक्टरबाईंनी बोलावलं. खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "घरी जा. बरी झालीस की ये."

म्हणून आबा मला घेऊन सांगलीकडच्या त्या मोठ्या दवाखान्यात आले होते. तो मोठा डॉक्टर नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांवर संशोधन करत होता. जुनाट सायनस, आणि तिथं वाढणाऱ्या गाठी. कातडीचं काम करणारी माणसं त्याला हवी होती. आम्ही त्याला आयते मिळालो.

आधी नाकातनं जाड सुई गालाच्या पोकळीत घातली आणि कोमट पाण्यानं आत धुतलं. सुई हाडातनं जाताना कानात करकर वाजलं. मग ऑपरेशन. वरचा ओठ उचलून हिरडीला काप दिला, हाडाला भोक पाडलं आणि आतलं सगळं कुजकं खरवडून काढलं. गाल भोपळ्यासारखा सुजला. पण डोकं हलकं झालं. डॉक्टरच्या हाताला गुण होता. ते मी नाकारत नाही.

घरी आल्यावर एक दिवस अंगणात बसले होते आणि एकदम नाकात काहीतरी शिरलं. चुना. ओली साल. घाम. मला वास येत होता! आबांच्या बंडीला नाक लावलं. तिखट, तुरट वास होता. पण ज्याला पोरी नाक दाबायच्या तो हा नव्हता. मी सडत होते तो वास वेगळा होता. आजार होता तो. नुसता आजार. मी आईच्या गळ्यात पडून रडले.

साताऱ्याला परत गेले. उड्या मारत गेले म्हणा. मला वाटलं, आता सगळं सरळ होणार.

जेवायला बसले तर माझं ताट मोरीजवळच. वाढणारीनं भाकरी वरनंच टाकली. माझ्या खोलीतली एक पोरगी सांगलीजवळच्या बागायतदाराची. तिच्याशी माझं थोडं जमायचं. तिला म्हटलं, "अगं, आता वास येत नाही ना?"

ती म्हणाली, "नाही गं. खरंच गेला. अगदी गेला."  मग म्हणाली, "पण घरी विचारतात ना, कुणाशेजारी जेवतेस म्हणून."

ती वाईट नव्हती. तिलाही बोलताना लाज वाटत होती. मी भाकरी खाल्ली. भाकरीचा वास चांगला येत होता. मोरीचाही येत होता. आणि मी पहिल्यांदा चिडले. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची लाज माझ्या अंगावर वागवत होते. आता कळलं. पण कळलं म्हणून लाज गेली नाही. ती अंगाला चिकटलेलीच होती.

मे महिन्यात घरी आले तर आबांच्या धोतराच्या सोग्याला रक्ताचे डाग. डावी नाकपुडी गच्च बंद. डाव्या डोळ्याला सारखी धार. वरची दाढ हलत होती.

"कवापास्नं हाय हे?"

"उन्हाळ्यानं घोळणा फुटला आसंल," आबा म्हणाले.

मी त्यांना त्याच दवाखान्यात नेलं. दुसरा कुठला माहीत होता? डॉक्टर खूश झाला. "अरे वा, बाप आणलास का?" म्हणाला. नाकातनं एक तुकडा काढला तपासायला. रक्त थांबता थांबेना. बोळे कोंबून आम्हाला घरी पाठवलं. काय झालंय ते सांगितलं नाही. पुन्हा या म्हणाला.

पुन्हा गेलो तेव्हा खोली भरलेली. पुण्या-मुंबईचे पाहुणे डॉक्टर आले होते. शिकणारी पोरं भिंतीला टेकून. आबांना स्टुलावर बसवलं. वॉर्डबॉयनं त्यांच्या डोक्याचं मुंडासं काढलं आणि खाली फरशीवर ठेवलं. आबांना उघड्या डोक्यानं मी घराबाहेर कधी बघितलं नव्हतं. त्यांचा टकला माथा दिव्यात चकाकत होता.

भिंतीवरच्या दिव्याला एक्स-रे लावला. डॉक्टर इंग्रजीत बोलायला लागला. पट्टीनं आबांचा ओठ वर उचलला. एकजण फोटो काढत होता. "तोंड उघड. अजून. अरे, अजून." आबा तोंड उघडत होते. लाळ हनुवटीवरनं गळत होती. ती पुसायला त्यांनी हात वर नेला तर डॉक्टरनं हात बाजूला केला. पाहुण्यांपैकी एकानं काही विचारलं. डॉक्टरनं उत्तर दिलं, त्यात आमच्या धंद्याचं नाव होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग मला कळणारा शब्द आला. कॅन्सर.

त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. ज्याच्या तोंडात तो होता, त्याला सोडून.

मी म्हटलं, "थांबा."

आवाज फाटका निघाला. सगळ्या माना वळल्या. चोरी करताना सापडल्यासारखं झालं मला. 

"तू बाहेर थांब," डॉक्टर म्हणाला.

"तुम्ही कॅन्सर म्हणालात ना? आबांना सांगितलंय का?"

"त्याला काय कळणार? आणि तुला सांगून तू काय करणार आहेस?"

"आधी आबांना सांगा. मराठीत सांगा. मग फोटो काढायचा का ते त्यांना विचारा."

खोलीत कुणीतरी हसलं. डॉक्टर लालबुंद झाला. "फुकट उपचार घेता आणि वर तोंड करून बोलता? घेऊन जा त्याला. इथं काही होणार नाही."

मला वाटलं होतं आबा उठतील. आबा उठले नाहीत. हात जोडून म्हणाले, "आवं सायेब, पोर हाय ती. चुकली. पोरी, गप गं. बघू दे त्यास्नी."

आणि त्यांनी आपण होऊन पुन्हा तोंड उघडलं.

सगळ्या जन्मात एवढी लाज मला वाटली नव्हती. नाकात चिमटा होता तेव्हाही नाही. मोरीजवळही नाही. माझा बाप उघड्या डोक्यानं, उघड्या तोंडानं, त्या दिव्याखाली. बोलल्याची लाज वाटली, आणि आधी बोलले नाही याचीही वाटली. तसंच पुढं गेले. मुंडासं फरशीवरनं उचललं, झटकलं, आबांच्या हातात दिलं.

"उठा आबा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.  मग तोंड मिटलं. सोग्यानं हनुवटी पुसली. मुंडासं बांधलं, नीट, घाई न करता. आणि उठले.

बाहेर लिंबाखाली बसलो.  माझ्या मनात एकच होतं, मी आबांचा उपचार घालवला. थोड्या वेळानं शिकाऊ डॉक्टरांपैकी एक बाई आल्या. मघाशी खोलीत गप्प उभ्या होत्या. आमच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि आबांना म्हणाल्या, "बाबा, तुमच्या गालाच्या हाडात गाठ आहे. वाईट जातीची. वरच्या जबड्याचा अर्धा भाग काढावा लागेल. डोळाही जाऊ शकतो. मग मशीनची किरणं. एवढं करूनही खात्री देता येत नाही."

आबांनी ऐकून घेतलं. एकच विचारलं, "बाई, माझ्या पोरीला बी ह्योच रोग हुता का?"

"नाही. तिचा साधा होता. तो बरा झालाय."

"मग झालं," आबा म्हणाले. आणि मोकळा श्वास घ्यायला गेले, पण नाक बंद होतं.

त्या बाईंनीच दुसऱ्या दवाखान्यात ओळख काढून दिली. ऑपरेशन झालं. डोळा गेला. टाळूला भोक, तिथं बोळा लावून आबा बोलायचे. गेंगाणं, अर्धं कळायचं. गावातली पोरं नक्कल करायची. पुढचा पावसाळा त्यांनी बघितला. त्याच्या पुढचा नाही.

मी आता वस्तीजवळच्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षी मोठ्या डॉक्टरचा माणूस मोटारसायकलवरनं शाळेत आला. म्हणाला, "सरांचा अभ्यास पूर्ण होत आलाय. तुमच्याकडचा तो पेशंट कधी गेला, शेवटी काय काय झालं, एवढं हवंय."

"कोणता पेशंट? नाव काय?"

त्याला माहीत नव्हतं. त्याच्याकडं गावाचं नाव आणि केसपेपरचा नंबर होता.

मला सगळं माहीत होतं. कधी दुखायला लागलं, गाठ पुन्हा कुठं आली, शेवटी काय गिळता येत होतं. त्याचा कुणाला तरी उपयोग होईल हेही मला कळत होतं. आमच्यात अजून साल कुटतात माणसं. म्हणून मी त्याला हाकललं नाही. म्हटलं, "सांगते. सगळं सांगते. पण तुमच्या सरांनी इथं यायचं. साल कुटताना शेजारी बसायचं. इथल्या माणसांना सांगायचं, ह्या धुरळ्यानं काय होऊ शकतं, आधी काय दिसतं, कधी दवाखाना गाठायचा. मराठीत सांगायचं. ते झालं की मी माझ्या वडिलांचं मरण सांगते. नावासकट."

तो म्हणाला, "सर असे कुठं येतात?"

"मग मीही अशी कुठं सांगते."

सर आले नाहीत. मी सांगितलं नाही. त्यांना जे सांगायला हवं होतं ते मीच वस्तीत सांगत फिरते, जेवढं त्या बाई डॉक्टरांकडनं शिकले तेवढं. एकच नाकपुडी बंद झाली, रक्त आलं, दात हलला, की थांबायचं नाही. मला सांगायचं.

परवा आमच्या शेजारच्या म्हातारीनं सांगितलं. उजव्या नाकातनं रक्त येतंय. तिला घेऊन मी उद्या सकाळच्या एस.टी.नं निघतेय. त्याच दवाखान्यात. जवळचा तोच आहे, आणि तो आमचाही आहे. तपासताना मी तिच्या शेजारी उभी राहणार. डॉक्टर इंग्रजीत बोलला की दर वेळी विचारणार, काय म्हणालात? तो चिडेल. सगळे माझ्याकडं बघतील. माझे कान तापतील, लाज वाटेल.

वाटू दे. मी विचारणार.