दूध घालून प्यायचा धूर

मे महिन्यात वूयीच्या डोंगरात पाऊस असा ठाण मांडतो की खुडलेली चहाची पानं उन्हात सुकवायची सोयच राहत नाही. म्हणून तीन मजली लाकडी धूरघर. तळाशी चिडाची लाकडं पेटवायची आणि वरच्या मजल्यांवर बांबूच्या चटयांवर पानं पसरायची. ग्वेईमेई लग्न होऊन आली ती थेट त्या आगीपुढेच बसली. डोळे कायमचे लाल, छातीचा भाता झालेला. नवरा तर त्याच धुरानं खोकून खोकून गेला.

गंमत अशी की गावात हा चहा कुणी तोंडाला लावत नसे. गाव साधा, बिनधुराचा चहा पितं. धुराचा जायचा साता समुद्रांपलीकडे. तिकडे सकाळी त्यात दूध घालतात म्हणे, आणि आजीपासून घरात चालत आलेली आपली चव म्हणून मिरवतात. "एवढा धूर कमी पडतो की काय मेल्यांना?" असं म्हणून ग्वेईमेई हसायची.

यंदा तिच्यात हसायचंही त्राण नव्हतं. ती साफ थकली होती. रोज उठून ठरवायची, आज हाईशेंगला सांगायचं, बाबा रे, बस झालं. पण बापामागे धंदा सांभाळायला हा एकुलता एक मुलगा शहरातली नोकरी सोडून आलेला. परदेशची मागणी तुटली तर त्याच्या संसाराचं काय? मग ती तोंड मिटून आगीत लाकूड सारायची.

त्या दिवशी चहाचे व्यापारी लो शेठ चव घ्यायला आले होते. हाईशेंग त्यांच्यापाशी बसला होता. डिंक भरलेलं जुनं लाकूड संपलं, म्हणून ग्वेईमेई शोधत मागच्या रिकाम्या डुक्करखान्यात गेली. तिथे ताडपत्रीखाली पोती होती. तोंडाला काथ्याची गाठ, टोक आत दुमडलेली. अशी गाठ गावात ती एकटीच मारायची. गेल्या साली तिनं धुरावलेला चहा होता तो. त्यामागे त्याच्या आदल्या सालचा.

एक पोतं तिनं फरफटत बैठकीत आणलं.

"हे काय आहे?"

"काकू, आधी बसा बघू," लो शेठ म्हणाले.

"जन्मभर बसलेच आहे. हे इथे का, ते सांगा."

लो शेठांनीच सांगून टाकलं. दोन वर्षांपासून तिकडचं सरकार चहातला धुराचा अंश तपासू लागलं होतं. खरा धुराचा माल बंदरातूनच परत येई. आता हाईशेंगचा साधा चहा जात होता, आणि तिकडे त्यावर धुराच्या वासाचा अर्क मारत होते.

"गिऱ्हाइकांची तक्रार नाही हो. उलट म्हणतात, अगदी पूर्वीसारखाच लागतो."

ग्वेईमेई मुलाकडे वळली. "आणि तू मला रोज लाकडं फोडून देत होतास?"

"बाबा गेले तेव्हा तूच म्हणालीस, ही आग विझली की मीही विझेन. मी घाबरलो, आई."

असं काही बोलल्याचं तिला आठवेना. "अरे गाढवा, दुःखात माणूस काय वाट्टेल ते बरळतं! एरवी माझं एक ऐकत नाहीस, हे बरं ऐकलंस!"

लो शेठांनी हळूच छत्री उचलली आणि ते निघून गेले.

"मी तुझ्या पोटासाठी खोकत होते रे," ती म्हणाली. तिला रागही आला, रडूही आलं. "जा, विझव ती."

हाईशेंग दारापर्यंत जाऊन थांबला. "वर आजची पानं आहेत. एवढी होऊ दे. तू बस, मी बघतो."

तो धूरघरात गेला. ती बसून राहिली. काम दुसऱ्यावर टाकून बसायची सवय नव्हती, तरी बसली. थोड्या वेळानं आतून हाईशेंगचा खोकला ऐकू आला. कोरडा, लांबलेला, थेट त्याच्या बापासारखा.

ग्वेईमेई उठली. पन्हाळीखालची पावसाच्या पाण्याची बादली तिनं दोन्ही हातांनी उचलली, आत नेली आणि आगीवर उपडी केली. वरची पानं वाया जाणार होती. जाईनात का.